डावा कोपरा, उजवा कोपरा

जिजीने उभ्या आयुष्यात कोणाच्या दारात थांबून ‘आत येऊ का’ असे विचारले नव्हते. परमुलखात जन्मलेली, तिथेच सासरी नांदलेली आणि तिथेच वेताच्या खुर्च्यांचा कारखाना नुसत्या भुवईच्या इशाऱ्यावर चालवलेली ही बाई. लोक तिच्या दारात थांबत. ती कोणाच्या दारात थांबत नसे. पण त्या सकाळी आजोबांच्या गावातल्या त्या गल्लीत ती शिरली, आणि तिचे पाऊल रस्त्याच्या बरोबर मध्यावर अडखळून तिथेच थिजले.

दुकाने दोन होती.

आजोबांनी एकच सांगितले होते. दाराशी वेत भिजवायची दगडी कुंडी. खिडकी इतकी खाली, की बसून विणणाऱ्याचे हात रस्त्यावरून दिसावेत. आणि आत भिंतीवर खुंट्यांची रांग. लहानपणी हे वर्णन जिजीने इतक्या वेळा ऐकले होते, की डोळे बांधून आणून सोडले तरी आपण घर ओळखू, अशी तिची खात्री होती. आता डोळे उघडे होते आणि घर ओळखता येत नव्हते. डाव्या हाताला दगडी कुंडी, उजव्या हाताला दगडी कुंडी. इकडे बुटकी खिडकी, तिकडे बुटकी खिडकी. दोन्ही पाट्यांवर आडनाव एकच, आणि ते तिच्या माहेरचे.

तिने पिशवीत हात घालून आजोबांचा टोचा चाचपला. टोचा म्हणजे वीतभर लांब, बोथट टोकाचे लोखंडी हत्यार. विणीतली एक पट्टी उचलून तिच्याखालून दुसरी सरकवायची ती त्याने. त्याच्या लाकडी मुठीला आजोबांच्या अंगठ्याने खळगा पाडला होता आणि पुढे त्याच खळग्यात जिजीच्या अंगठ्याने संसार केला होता.

“आपल्या घरी ज्याची त्याची खुंटी असते,” आजोबा सांगत. “माणूस जातो, टोचा खुंटीवर राहतो. माझी तेवढी रिकामी आहे.” हे सांगताना ते हसत, आणि हसू ओठांवर असतानाच खाली मान घालून कामाला लागत. तिकडच्या मुलखात जिजीला कोणी ना कोणी विचारीतच राहिले, की बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या. इतरांपाशी या प्रश्नाला गावाचे, नदीचे, डोंगराचे उत्तर असे. जिजीचे उत्तर एका खुंटीवर टांगलेले होते. अलीकडे तिची बोटे आखडू लागली, कारखाना लेकीच्या हाती गेला, आणि तेव्हा तिने ठरवले, की हा टोचा आपल्या हाताने त्याच्या जागी लावायचा. एकदा तो तिथे लागला, की आपण कोणाच्या हा प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही. निदान आपण स्वतःला विचारणार नाही.

डावीकडच्या खिडकीतून तिला खुंट्या दिसल्या. प्रत्येकीवर टोचा होता. एक रिकामी होती. जिजी पायरी चढली.

आत एक वयोवृद्ध गृहस्थ मांडीशी खुर्चीची चौकट घेऊन बसले होते. घरात आणि गल्लीत त्यांना सगळे थोरले म्हणत. त्यांची सून दाराजवळ बसून ओल्या पट्ट्या निवडत होती.

“काय हवं होतं?” सुनेने विचारले. “खुर्ची विणायला दिलीय का?”

“मी या घरची आहे,” जिजी म्हणाली. हुकूम सोडावा तसे वाक्य निघाले होते, पण शेवटी त्याचा पाय घसरला. “असं मला वाटतं.”

“या घरची सगळी माणसं मला पाठ आहेत, बाई. दर तासाला चहा मागतात.”

थोरल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “कोणाची तू?”

जिजीने आजोबांची हकिगत सांगितली. तरुणपणी घर सोडून गेलेला माणूस, हातात एवढे एक हत्यार. थोरल्यांनी टोचा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि बोटांवर नाती मोजायला घेतली. “तो माझ्या वडिलांचा भाऊ असेल तर तुझे वडील माझे चुलतभाऊ. म्हणजे तू माझी पुतणी.”

“म्हणजे माझी नणंद,” सून म्हणाली. “लग्न झाल्यापासून घरात नणंद नाही म्हणून मी माहेरी मिरवत होते. लागली दृष्ट.”

“थांब, अजून झाली नाही ती नणंद.”

“ती रिकामी खुंटी कोणाची?” जिजीने विचारले.

थोरल्यांनी त्या खुंटीकडे, पहिल्यांदाच दिसावी तसे, पाहिले. “वडिलांना विचारलं, की ते म्हणायचे, वेत भिजला का बघ जा. आई म्हणायची, पाळण्यात गेलेल्या मुलाची. आत्या म्हणायची, निघून गेलेल्या भावाची. आणि एक चुलता म्हणायचा, सुताराने चुकून एक जास्त ठोकली.”

“मग खरं काय?”

“खरं हाताला ठाऊक असतं. या धंद्यात तोंडावर विश्वास ठेवत नाहीत.” त्यांनी एक चौकट तिच्यापुढे सरकवली. तिच्यावर उभ्या आणि आडव्या पट्ट्या ताणून झाल्या होत्या; तिरप्या तेवढ्या घालायच्या होत्या. “बस. विण.”

जिजीला बरे वाटले. आल्यापासून जमिनीने पाय सोडल्यासारखे झाले होते; हे काम मात्र तिचे होते. तिने ओली पट्टी दोन बोटांत निपटली, डाव्या कोपऱ्यातल्या भोकातून वर काढली, टोच्याने आडवी उचलली, उभीवरून नेली. बोटे आखडलेली असूनही पट्टी पाण्यातल्या मासळीसारखी सळसळत निघाली. आपण बरे विणतो हे तिला माहीत होते. म्हणूनच खोली गप्प झाल्याचे तिच्या जरा उशिरा ध्यानात आले. सुनेचे हातही थांबले होते.

“पुरे,” थोरले म्हणाले.

“चुकलं कुठे?”

“चुकलं नाही. वीण फार देखणी आहे. पण आमची नाही.” त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि ते जिजीला अधिक झोंबले. “या घरात पहिली तिरपी पट्टी उजव्या कोपऱ्यातून निघते. माझी, माझ्या बापाची, त्याच्या बापाची. डाव्या कोपऱ्यातून काढतात ते...” त्यांनी नाव न घेता हनुवटीने खिडकीबाहेर दाखवले. “त्यांचं आमचं बोलणं नाही.”

“का?”

“ते आता त्यांनाही आठवत नसेल.”

जिजीने टोचा पिशवीत टाकला. तोंडात मारल्यासारखी ती उठली, तेव्हा सून हलकेच म्हणाली, “चहा तरी घेऊन जा. नणंद नसलात तरी पाहुण्या आहात.” जिजीने तो घेतला नाही. पाहुणी हा शब्द तिच्या घशाखाली उतरेना.

समोरच्या दुकानात तिला हाक मारावीच लागली नाही. तिथली मालकीण, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेली एक भरदार विधवा, दारात उभीच होती. तिला गल्ली काकी म्हणत असे.

“मी मघापासून खिडकीतून बघतेय,” काकी म्हणाली. “आमच्या घरचा हात त्यांच्या चौकटीवर चालत होता. काळजात चर्र झालं. ये, आत ये. बस.”

“तुम्ही मला ओळखत नाही.”

“तुला कशाला ओळखायला हवं? हात ओळखला, बास झालं. मी तुझी काकू.”

इतक्या सहज कोणी काकू झालेली पाहून जिजी गांगरली. तिने पुन्हा आजोबांची हकिगत सांगितली. काकीने ती मन लावून ऐकली आणि मान हलवली. “नाही बाई. आमच्यातलं कोणी कधी गेलं नाही. सगळे इथेच जन्मले, इथेच भांडले आणि इथेच मेले.”

“मग माझे आजोबा कोण?”

“ते बघू सावकाश. काही घाई आहे का?” काकीने भिंतीकडे पाहिले. तिथल्या साऱ्या खुंट्या भरलेल्या होत्या. “तुझ्यासाठी नवी ठोकू. हातोडी कुठे गेली?”

“नवी नको,” जिजी म्हणाली. “मला त्यांची हवी आहे. जी रिकामी ठेवली होती ती.”

“अगं, खुंटी ती खुंटी. लाकूडच असतं.”

आणि काकीने ठोकायला सुरुवात केली. जिजीच्या कारखान्यात तिने नको म्हटल्यावर दुसरा घाव घालायची कोणाची छाती नव्हती. इथे काकी घावामागून घाव घालत होती, आणि ती एक डोळा समोरच्या खिडकीवर ठेवून मारते आहे, हे पाहून जिजीच्या लक्षात आले, की ही खुंटी आपल्यासाठी कमी आणि समोर ऐकू जावे म्हणून जास्त ठोकली जात आहे.

ते ऐकू गेले. थोरले काठी टेकीत आपल्या पायरीवर आले आणि रस्त्याकडे पाहत म्हणाले, “सूनबाई, समोर विचार, काय ठोकतायत.”

सून पट्ट्यांची जुडी हातात घेऊनच रस्त्याच्या मध्यावर येऊन उभी राहिली. “काकी, मामंजी विचारतात, काय ठोकताय.”

“सासऱ्यांना सांग, पुतणीची खुंटी ठोकतेय.”

“मामंजी, त्या म्हणतात...”

“ऐकलं मी. त्यांना सांग, ती पुतणी आमची आहे. तिची खुंटी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवलीय.”

“अहो, आत्ताच तुम्ही मला नाही म्हणालात,” जिजी दारातून म्हणाली.

“मी वीण आमची नाही म्हणालो,” थोरले आता थेट तिच्याशी बोलले. “पुतणी नाही असं कुठे म्हणालो?”

“त्यांना विचार,” काकी सुनेला म्हणाली, “हात आमचा आणि माणूस त्यांचं, हे कसं?”

“मामंजी, हात त्यांचा आणि...”

“दोघंही गप्प बसा,” जिजी म्हणाली.

आवाज कारखान्यातला होता. दोन्ही घरे गप्प बसली. सून जुडीआड तोंड लपवून हसली. पण बाहेरचा गलका थांबला तरी जिजीच्या डोक्यातला थांबेना. सकाळी ती कोणाचीच नव्हती. आता दोघांची होती, आणि त्यात तिला सकाळपेक्षा जास्त एकटे वाटत होते. जी माणसे हट्टाने आपली म्हणतात, ती हट्ट सुटला की काय म्हणतील? कोणाला काही न सांगता ती आपल्या बिऱ्हाडी निघून गेली.

बिऱ्हाड म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरची भाड्याची खोली. लोखंडी खाट, पाण्याचा माठ, भिंतीत एक पोपडे धरलेला कोनाडा, आणि बैठक खोल गेलेली वेताची एक खुर्ची. खाली शिलाई यंत्राची घरघर चालू होती. जिजीने खुर्ची उलटी करून पाहिली. कोणत्या घरची असेल? वीण पुरी झाली, कडेची पट्टी बसली, की सुरुवात कोणत्या कोपऱ्यातून झाली होती हे कोणालाही सांगता येत नाही. इतकी वर्षे काम करूनही हे तिला आज प्रथमच जाणवले, आणि तिने कपाळाला हात लावला. ज्या कोपऱ्यावरून दोन घरांनी तोंडे फिरवली, तो कोपरा बसणाऱ्याला दिसतसुद्धा नाही.

सवयीने तिने ती खुर्ची गुडघ्यांशी धरली आणि फरशीवर बसली. आजोबांकडे शिकताना ती अशीच बसे. खोली अरुंद होती. मध्ये चौकट, पलीकडे आजोबा. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर थंडीत एक थेंब जमायचा, आणि तो आता विणीवर पडतो की काय, या धास्तीने ती पट्टीऐवजी नाकाकडेच बघत राहायची. त्या थेंबात खिडकीचा उजेड...

जिजी ताठ बसली.

शेजारी बसलेल्या माणसाचा कान दिसतो. तिला आजोबांचे नाक आठवत होते, दोन्ही नाकपुड्या, चष्म्याच्या दोन्ही काचा. कान आठवत नव्हता. म्हणजे ती त्यांच्या शेजारी नव्हे, समोर बसत होती. आणि समोरून पाहणाऱ्याला उजवा कोपरा कोणत्या हाताला दिसणार? तिने आजोबांचा हात पाहिला तो आरशात पाहावा तसा. त्यांचा उजवा तिचा डावा झाला होता. मग तिला आणखी एक आठवले. कारखान्यात नवी मुलगी तिच्यासमोर बसवली, की ती हटकून उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, आणि जिजी तिच्या बोटांवर टोच्याची मूठ आपटून म्हणायची, “डावीकडून.” साऱ्या चुकतात कशा, याचे तिला नवल वाटत आले होते.

ती जिना उतरली ती जवळजवळ धावतच. शिंप्याने मान वर करून पाहिले.

थोरले चौकटीशीच होते. जिजीने पायरीवर न थांबता, न विचारता आत पाऊल टाकले आणि सगळे एका दमात सांगितले. नाकाचा थेंबही सांगितला. थोरल्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावले, हवेत दोन्ही हातांनी कोपरे धरून पाहिले आणि मान डोलावली.

“पटतं,” ते म्हणाले. “म्हणजे त्याचा हात उजवा होता. आमचा.”

जिजीच्या छातीवरचे ओझे उतरले. ते जमिनीला टेकायच्या आत थोरले पुढे म्हणाले, “पण तो स्वतः कोणाच्या शेजारी बसला होता?”

“म्हणजे?”

“आमच्यात घरच्या पोराला शेजारी बसवतात. इथे आमच्या कोणाशेजारी बसला असेल, तर तो आमचा. पण समोरच्या दुकानात त्यांच्यासमोर बसून शिकला असेल, तरी त्याचा हात असाच उजवा दिसणार. आणि दुकानात समोर कोण बसतं? शेजाऱ्याचं पोर, गिऱ्हाइकाचं पोर, कामाला ठेवलेलं पोर.”

“आमचं आडनाव...”

“परमुलखात आडनाव सांगू तेच लागतं, बाई. तो आमचा नव्हता असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही, एवढंच म्हणतो.”

सून दारातून म्हणाली, “मामंजी, मग समोरचं घर तरी डावं कशानं झालं? एखादा धाकटा थोरल्याच्या समोर बसून शिकला असेल.”

थोरल्यांनी तिच्याकडे असे पाहिले, की तिने मुकाट्याने पट्ट्या पाण्यात बुडवल्या. पण वाक्य बोलून झाले होते, आणि ते खोलीत कोणाच्याच अंगावर न बसता घोंगावत राहिले.

थोरले काठीने भिंतीकडे दाखवत म्हणाले, “खुंटी हवी आहे ना? लाव टोचा. तुला नाही म्हणायला आता मला तोंड नाही.”

जिजी खुंटीपाशी गेली. लाकूड काळवंडून गुळगुळीत झाले होते. हात पोचत होता. यासाठीच ती एवढ्या दुरून आली होती. टोचा वर धरला तेव्हा तिला वाटले, पाळण्यातल्या त्या मुलाची असली तर? किंवा खरेच सुताराची चूक असली तर? आणि आजोबांची असली, तरी ते हसून मान खाली का घालत? तिने हात खाली घेतला. लावावे की न लावावे, हे तिचे तिलाच ठरवता येईना. आणि आपल्याला काही ठरवता येत नाही, ही गोष्ट तिला इतकी नवी होती, की ती नुसतीच उभी राहिली.

“उभी किती वेळ राहशील? सकाळची चौकट अर्धीच आहे,” थोरले म्हणाले. “तुझी पट्टी मी काढून टाकली. नव्याने घालायची आहे.” त्यांनी आपल्या शेजारच्या सतरंजीवर हात थोपटला. “इथे बस.”

ती शेजारची जागा होती. घरच्या पोराची. तो हात जुनाट वेतासारखाच पिवळा आणि खरखरीत होता, आणि या क्षणी त्यात ना हट्ट होता, ना समोरच्यांवरचा राग. जिजीने त्याच्याकडे पाहिले, वळसा घातला आणि चौकटीच्या पलीकडे, त्यांच्या समोर जाऊन बसली. तिथून तिला त्यांचे सबंध तोंड दिसत होते.

“तिकडून जमेल?” त्यांनी विचारले.

“मला इकडूनच येतं.”

थोरल्यांनी पट्टी उचलली. जिजीनेही उचलली. त्यांचा हात उजव्या कोपऱ्याकडे गेला, तिचा डाव्या, आणि एकाच भोकावर दोघांची बोटे एकमेकांवर आपटली. दोघांनीही हात मागे घेतले.

“तू काढ,” ते म्हणाले.

“तुम्ही मोठे. तुम्ही काढा.”

त्यांनी पट्टी खालून वर काढली. तिने टोच्याने आडवी उचलून धरली. त्यांनी सरकवली, तिने ओढून घेतली. एक ओळ झाली. ती कोणत्या घरची, हे विचारायचे थोरल्यांच्या ओठांवर आले असावे. पण ते चष्मा पुसू लागले.

समोरच्या खिडकीतून काकीचा आवाज आला. “पुतणीबाई, इकडची खुंटी तशीच आहे हो. मी तिच्यावर फडकंसुद्धा टांगलं नाही.”

“ऐकलं,” जिजी मान वर न करता म्हणाली. सकाळी गल्लीत रिकामी खुंटी एक होती. आता दोन झाल्या होत्या.

सून पाण्याचे भांडे घेऊन जवळ आली आणि चौकटीच्या दोन बाजूंना बसलेल्या त्या दोघांकडे आळीपाळीने पाहत उभी राहिली. “मी तुम्हाला म्हणू तरी काय?” तिने विचारले. “नणंदबाई म्हणू, की नको?”

जिजीने टोच्याचे टोक पट्टीखाली घातले. अंगठा आपल्या खळग्यात जाऊन बसला.

“मला कळलं, की तुला सांगेन,” ती म्हणाली. “तोवर पाणी शिंपड. पट्टी सुकतेय.”